१०८९ सी.सी.चे हृदय



स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली की आजवर मी कुपोषण, लसीकरण, परीक्षेचा ताण यांपैकी एखादा विषय देऊन संपादक मंडळाच्या ऋणातून मुक्त होत आलो आहे. यंदा मात्र विषयच दारात येऊन उभा राहिला. निपाणीच्या आमच्या जुन्या घरामागील शेडमध्ये ताडपत्रीखाली बरीच वर्षे विसावलेली वडिलांची फियाट मी दुरुस्तीसाठी बेळगावला, उद्यमबागेतील एका मिस्त्रींकडे आणवली आणि एका साध्या गोष्टीवरून माझा व माझ्या एका जिवलग शल्यचिकित्सक मित्राचा वाद जुंपला. मी मिस्त्रींना सांगितले होते, की पुढे-मागे दोन्हीकडे सुरक्षापट्टे बसवा. मित्राचे म्हणणे असे, की १९७८ सालच्या गाडीला पट्टे बसवणे म्हणजे जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाला लोखंडी शटर लावणे होय. "गाडी जपायची तर ती जशी होती तशी जप, नाहीतर सरळ भंगारात दे," असे त्याने मला सुनावले.

त्याचे गाडीप्रेम अस्सल आहे. जुन्या वाहनांवर त्याने जितका वेळ आणि पैसा खर्चिला आहे, तितका आमच्यापैकी काहींनी स्वतःच्या प्रकृतीवरही खर्चिला नसेल. म्हणून त्याला थट्टेवारी उत्तर देणे मला प्रशस्त वाटेना. उत्तर शोधण्यासाठी या गाडीच्या घराण्याचा इतिहास चाळू लागलो आणि वाचनाच्या वाटेने थेट इटलीतील ट्युरिन शहरी जाऊन पोहोचलो. तेथे जे गवसले, ते आपणा सर्वांपुढे मांडावेसे वाटते, कारण मला ते केवळ गाडीपुरते वाटत नाही.

प्रथम आमच्या गाडीविषयी. आपल्या सीमाभागात एके काळी 'डॉक्टरची गाडी' म्हणजे फियाट, असे जणू समीकरणच होते. आमचे अण्णा निपाणीत जनरल प्रॅक्टिस करीत. नोंदणी करून कैक वर्षे वाट पाहिल्यावर १९७८ मध्ये त्यांना पांढऱ्या रंगाची प्रीमियर पद्मिनी मिळाली. कागदोपत्री ती पद्मिनी असली, तरी घरात, गावात आणि पेशंटांच्या तोंडी ती अखेरपर्यंत 'फियाट'च राहिली. खडकलाट, कोगनोळी, सौंदलगा, बोरगाव अशा गावांना अण्णा तिच्यातून व्हिजिटला जात. तंबाखूच्या हंगामात तिच्या काचा खाली केल्या की वखारींचा तो उग्र वास आत शिरत असे आणि मागच्या सीटवर बसलेल्या मला हमखास शिंका येत. त्याच सीटवर अडलेल्या बाळंतिणींना आडवे करून अण्णांनी रात्री-अपरात्री मिरज, कोल्हापूर किंवा बेळगाव गाठलेले आहे. त्यांतली किती मुले आज चाळिशीत असतील, कोणास ठाऊक! अशा गाडीविषयी माझ्या मनात माया नाही, असे कोणी म्हणू नये.

आता या गाडीचे हृदय पाहू. तिच्या बॉनेटखाली चार सिलिंडरचे १०८९ सी.सी.चे इंजिन आहे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचा फेरा ७५ मिलिमीटर. ही मापे तिच्या जन्मापेक्षा चार दशकांनी जुनी आहेत. १९३७ मध्ये फियाट कंपनीने '५०८ सी' नावाची एक मध्यमवर्गीय कुटुंबाची गाडी बाजारात आणली. तिचा रचनाकार दान्ते जाकोसा हा तेव्हा अवघ्या बत्तिशीतला अभियंता होता. आदल्याच वर्षी त्याने 'टोपोलिनो' म्हणजे 'चिमुकला उंदीर' या लाडक्या नावाने प्रसिद्ध पावलेली छोटी गाडी सिद्ध केली होती. ५०८ सी गाडीसाठी घडलेले ११०० जातीचे इंजिन साधे, काटकसरी, दुरुस्तीस सोपे आणि अंगाने काटक होते. शर्यतीचा विचार ती घडवणाऱ्यांच्या मनात मुख्यत्वे नव्हता. संसारी माणसाला परवडणारी गाडी, एवढाच हेतू होता.

परंतु इटलीतील हौशी कारागिरांनी या संसारी हृदयाची खरी ताकद ओळखली. १९४० मध्ये एन्झो फेरारी याने आपली पहिली स्वतंत्र गाडी बांधली. पूर्वीच्या कंपनीशी झालेल्या करारामुळे तिला त्याला स्वतःचे नावही देता येत नव्हते. '८१५' असा नुसता क्रमांक तिला मिळाला. आठ सिलिंडर आणि दीड लिटरचे तिचे इंजिन फियाट ११००चे अनेक भाग वापरून जुळवलेले होते. पुढे ज्या फेरारीच्या नावाने जगभरच्या धनिकांचे डोळे दिपले, तिच्या घराण्याची सुरुवात अशी आमच्या अण्णांच्या गाडीच्या चुलतघराण्यातून उसनवारी करून झाली, हे वाचून मला गंमत वाटली आणि थोडा अभिमानही वाटला.

याहून मोठी कथा 'चिसितालिया' या गाडीची आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इटली उद्ध्वस्त झालेली होती. कारखान्यांवर बॉम्ब पडलेले, कच्चा माल मिळेना, पैसा कोणाजवळ नाही. ट्युरिनचा एक उद्योजक पिएरो दुझिओ याच्या मनात मात्र शर्यतीच्या गाड्या काढायचे होते. युव्हेन्टस या नामांकित फुटबॉल क्लबचे अध्यक्षपद भूषवलेला हा गृहस्थ अनेक धंद्यांत होता आणि सायकलनिर्मितीही त्यात होती. त्याने गळ घातल्यावर जाकोसाने फियाटमधील नोकरी सांभाळून फावल्या वेळात त्याला एका छोट्या शर्यतीच्या गाडीचा आराखडा करून दिला. नवीन इंजिन घडवण्याची सोय नव्हती. मग जे मुबलक आहे तेच घ्यायचे ठरले. ११००चेच इंजिन आणि फियाटचेच बरेचसे सुटे भाग घेतले, आणि सांगाड्यासाठी सायकलच्या नळ्यांसारख्या पोलादी नळ्या एकमेकींना जोडून पिंजरा उभारला. जड पट्ट्यांच्या चौकटीऐवजी हा नळ्यांचा पिंजरा आल्याने वजन घटले आणि लहानसे इंजिन पुरेसे झाले. १९४६ साली ही 'डी ४६' शर्यतीत उतरली.

सायकलचा उल्लेख आला की बेळगावकराला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८८८ मध्ये याच शहरात त्यांनी सायकलचे दुकान काढले. त्यातूनच पुढे लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. हाताशी असलेल्या साध्या वस्तूकडे विचारी नजरेने पाहणारा माणूस ट्युरिनचा असो वा बेळगावचा, त्याची जातकुळी एकच असते.

डी ४६च्या पाठोपाठ चिसितालियाची '२०२' आली. तिच्या आकाराचा पाया जोव्हान्नी सावोनुत्झी या अभियंत्याने घातला आणि १९४७ मध्ये तिच्या बंद छताच्या रूपाला पिनिन फारिना या ट्युरिनच्या कोचबिल्डरने अखेरचा हात दिला. तोपर्यंतची मोटार म्हणजे निरनिराळ्या अवयवांची मोळी असे. बॉनेट वेगळे, चार मडगार्ड वेगळे, दिवे देवळाच्या दीपमाळेवर ठेवावेत तसे बाहेर ठेवलेले. २०२मध्ये हे सारे अवयव एका अखंड त्वचेखाली गेले. बॉनेट दोन्ही बाजूंच्या मडगार्डपेक्षा खाली उतरले, दिवे मडगार्डच्या आत रुतले आणि पुढच्या चाकावरून निघालेली रेषा कोठेही न अडखळता मागच्या चाकावरून उतरत गेली. वर दागिना म्हणून काहीही चढवलेले नाही. शरीररचनाशास्त्र शिकलेल्या माणसाला ही गाडी पाहून आनंद होतो, कारण आतील सांगाड्याची ठेवण बाहेरच्या त्वचेवरून ओळखता येते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ मध्ये आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले, त्यात ही एक होती. १९७२ पासून तशीच एक २०२ त्या संग्रहालयाच्या कायम संग्रहात आहे. ज्या दालनांत चित्रे आणि शिल्पे ठेवतात तेथे मोटारीला जागा मिळाली, आणि त्या मोटारीच्या छातीत इंजिन कोणते? तर मध्यमवर्गीयाच्या फियाटचे तेच १०८९ सी.सी.चे.

याच २०२ची उघडी आवृत्ती घेऊन १९४७च्या जून महिन्यात तात्सिओ नुव्होलारी 'मिल्ले मिलिया' या सुमारे अठराशे किलोमीटरच्या शर्यतीत उतरला. त्याचे वय तेव्हा चौपन्न होते, फुप्फुसे जर्जर झालेली होती. मुसळधार पावसात, उघड्या गाडीत, बऱ्याच मोठ्या अंतरापर्यंत तो सर्वांच्या पुढे होता. अखेरच्या टप्प्यात पाण्याने इंजिन बंद पडले, वेळ गेला आणि तो दुसरा आला. पहिल्या आलेल्या ब्योंदेत्तीच्या आल्फा रोमिओचे इंजिन अडीच पटींहूनही मोठे होते. तिसरा आणि चौथा क्रमांकही चिसितालियानेच पटकावला.

नुव्होलारीची हकिगत वाचताना माझ्यातील बालरोगतज्ज्ञ मात्र दुसरीकडेच थबकला. त्याला दोन मुलगे होते. थोरला १९३७ मध्ये हृदयस्नायूच्या दाहाने गेला, धाकटा १९४६ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने. दोघेही मिसरूड फुटण्याच्या वयातले. म्हणजे धाकट्याच्या मृत्यूला जेमतेम वर्ष लोटल्यावर हा बाप त्या पावसात गाडी हाकत होता. आणि ज्या फेरारीचा उल्लेख वर आला, त्याचा थोरला मुलगा दिनो हाही १९५६ मध्ये चोविसाव्या वर्षी मस्क्युलर डिस्ट्रॉफीने गेला. पुढे 'दिनो' या नावाने निघालेल्या देखण्या गाड्या म्हणजे त्या पित्याचे स्मारक होय. जगातल्या वेगवान गाड्या बांधणाऱ्या आणि हाकणाऱ्या या माणसांना त्या काळचे वैद्यक काहीच देऊ शकले नाही. आज मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिस आहे, प्रत्यारोपण आहे. मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे निदान जनुकीय तपासणीने होते आणि ती अद्याप पूर्ण बरी होत नसली, तरी मुलाची चालती-फिरती वर्षे वाढवता येतात. हे घडले, कारण वैद्यक १९४६ साली थांबले नाही. मुख्य मुद्दा हाच आहे आणि त्याकडे मी आता येतो.

चिसितालियाचे पुढे काय झाले? दुझिओला वाटले, की साध्या इंजिनाने एवढे यश मिळते तर सर्वश्रेष्ठ इंजिनाने काय मिळणार नाही! त्याने पोर्शच्या कार्यालयाकडून बारा सिलिंडरची, चारही चाकांना शक्ती पुरवणारी, त्या काळच्या मानाने अद्‌भुत अशी ग्रां प्री गाडी आखून घेतली. तिच्या खर्चात कंपनी बुडाली. ती गाडी एकाही ग्रां प्री शर्यतीत धावली नाही आणि दुझिओला १९४९ मध्ये अर्जेंटिनाची वाट धरावी लागली. ऐपतीबाहेरचे यंत्र कर्जाने आणून रुग्णालय गोत्यात आणणारे काही व्यवसायबंधू आपण पाहिले आहेत. त्यांना या कथेचा अर्थ निराळा सांगायला नको.

इकडे जाकोसाने काय केले? तो आपल्याच यशावर बसून राहिला नाही. १९५३ मध्ये फियाटने नव्या बांध्याची ११०० आणली. हृदय जुन्याच मापाचे, पण शरीर नवे. वेगळी चौकट काढून टाकली आणि खेकड्याच्या कवचाप्रमाणे बाहेरचे पोलादी अंगच भार पेलू लागले. चिसितालियाने दाखवलेली अखंड, निराभरण रेषा आता चार माणसांच्या कौटुंबिक गाडीच्या अंगावरही दिसू लागली. पुढे १९६९ साली त्याने '१२८' ही गाडी सिद्ध केली. इंजिन आडवे, शक्ती पुढच्या चाकांना. ही मांडणी पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी स्वीकारली. त्याच वर्षी इटलीत ११००ला निरोप देण्यात आला. जिने त्याला नाव दिले, तिला निवृत्त करताना जाकोसाने अश्रू ढाळले की नाही ठाऊक नाही, पण निवृत्त केले हे खरे.

आणि आपण? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकात ११०० तयार होऊ लागली. मराठी मुलखातून उठलेल्या एका उद्योजकाने पारतंत्र्यात पाहिलेले हे स्वप्न होते आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली, १९७४ मध्ये तिची 'पद्मिनी' झाली. नावे बदलत गेली, गाडी जवळपास तीच राहिली. परवाने सरकारच्या हाती, किमतीवर नियंत्रण, आयातीवर बंदी आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे. अशा स्थितीत सुधारणा कोणी व कशासाठी करावी? अखेरच्या काळात गिअर स्टिअरिंगवरून खाली आला, डिझेल इंजिनही मिळू लागले, परंतु मूळ ढाचा २०००च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत टिकला. इटलीने जिला १९६९ साली निरोप दिला, ती आपण आणखी तीस वर्षे नवी म्हणून विकत घेत राहिलो. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही गेली. वृत्तपत्रांनी हळवे लेख लिहिले. मीही ते वाचून हळवा झालो.

म्हणजे एकाच १०८९ सी.सी.च्या हृदयाची ही कहाणी आहे. ट्युरिनच्या कारागिरांनी साधन तेच ठेवले आणि विचार पुढे नेला, म्हणून ते कलासंग्रहालयात पोहोचले. दुझिओने साधनाची मर्यादाच झुगारली, तो बुडाला. आपण साधन जपले, पण विचार थांबवला. माझ्या मित्राला 'जशी होती तशी' हवी असलेली गाडी या तिसऱ्या प्रकारातली आहे.

विचार थांबल्याची किंमत कोण मोजतो, हे मला ठाऊक आहे, कारण ती माझ्या घरात मोजली गेली. व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन याने तीन टोकांचा सुरक्षापट्टा १९५९ मध्ये जगाला दिला. १९७८च्या आमच्या गाडीत तो नव्हता. आपल्याकडे नव्या गाड्यांत पुढच्या सीटला पट्टा सक्तीचा झाला तो १९९४ मध्ये. पण त्यानंतरही मी बालरोगात एम. डी. झालेला, रोज आयांना सुरक्षिततेचे सल्ले देणारा माणूस, तीच गाडी तशीच वापरत होतो. २००२च्या हिवाळ्यात निपाणीहून बेळगावला येताना माझी तीन वर्षांची कन्या पुढच्या अखंड सीटवर, माझ्या आणि पत्नीच्या मध्ये उभी होती. मुलांना त्या जागी उभे राहणे फार आवडे. तेथून सारा रस्ता दिसतो. तवंदी घाटात वळणावर दिव्याविना उभी असलेली उसाची ट्रॉली अचानक समोर आली. मी ब्रेक दाबला, गाडी वेळेत थांबली, कोणाला धडकलो नाही. परंतु मुलगी थांबली नाही. तिचे कपाळ डॅशबोर्डच्या लोखंडी कडेवर आदळले. संकेश्वरला एका स्नेही डॉक्टरांनी चार टाके घातले. मी स्वतः एक टाकाही घालू शकलो नाही, माझे हात कापत होते.

दोष मी ना गाडीला देतो, ना ती घडवणाऱ्यांना. गाडीत पट्टा नाही हे मला दिसत होते. पट्टा नंतरही बसवता येतो, हेही ठाऊक होते. अण्णांनी इतकी वर्षे अशीच चालवली, काही झाले का, या एका वाक्याच्या आधाराने मी निर्धास्त होतो. अण्णा त्या रात्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली आपल्या कपाटात ठेवून दिली. त्यानंतर ती बाहेर निघाली नाही.

थोडे गणित मांडतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर. अपघातात हा वेग सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर आला, तर अंगावर येणारा भार स्वतःच्या वजनाच्या सुमारे दहा पट होतो. बारा किलोचे मूल त्या क्षणी सुमारे एकशेवीस किलोचे होते. सव्वा क्विंटलचे पोते मांडीवरून निसटताना कोणती आई ते हातांनी धरून ठेवील? 'मी घट्ट धरले आहे' हे वाक्य प्रेमाचे आहे, पण पदार्थविज्ञानाला ते मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांनुसार ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे पहिले कारण रस्ते अपघात हे आहे. घटसर्प आणि गोवरासाठी आपण गावोगावी फिरलो. या कारणासाठी आपल्या ओपीडीत एक प्रश्नही विचारला जात नाही.

मित्राचा आक्षेप मी येथे पुन्हा घेतो. तो म्हणतो, पट्ट्यामुळे गाडीचे अस्सलपण जाते. मी त्याला आपल्याच शास्त्रातले उदाहरण देतो. साखर, मीठ आणि पाणी यांहून साधे औषध नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी जलसंजीवनी देऊन अतिसाराच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. एवढा पराक्रम गाजवलेले ते सूत्र तरी जागतिक आरोग्य संघटनेने देवघरात ठेवले का? नाही. २००२ मध्ये त्यातील सोडियम ९० वरून ७५ वर आणि एकूण ऑस्मोलॅरिटी ३११ वरून २४५ वर आणली. २००४ मध्ये जोडीला झिंक आले. पुडी तीच, किंमत तशीच नाममात्र, आणि परिणाम अधिक चांगला. जुने सूत्र बदलल्याने महालनबीसांचा अपमान झाला, असे कोणी म्हणाले नाही. ११०० ही माझ्या लेखी मोटारींमधील जलसंजीवनी आहे. जाकोसा आज असता, तर त्याने प्रथम पट्ट्यांसाठी जागा शोधली असती, असे मला वाटते.

अर्थात मित्राच्या म्हणण्यात तथ्यही आहे. चकचकीत चाके लावून, डॅशबोर्डवर पडदा चिकटवून जुन्या गाडीचा विदूषक करणारे लोक आहेत. रेषेला धक्का लागू नये, ही त्याची मागणी मी शिरसावंद्य मानतो. म्हणून मिस्त्रींनी पत्र्याला वरवर भोके पाडून पट्टे अडकवलेले नाहीत. आतून जाड पोलादी पट्टी जोडून भार गाडीच्या अंगात नीट उतरेल असे बंधन केले आहे. बाहेरून गाडी होती तशीच दिसते. कार्बोरेटर तोच, स्टिअरिंगवरचा गिअर तोच, मागच्या किंचित उठावलेल्या कडाही त्याच. बदल झाला आहे तो फक्त आत बसणाऱ्या माणसासाठी. मला वाटते, रचनेचा विचार नेहमी तेथूनच सुरू व्हायला हवा.

आता आपल्या मंडळासमोर एक नम्र सूचना. नव्या गाड्यांतही आपण फारसे निराळे वागत नाही. पट्टे असतात, पण मूल पुढच्या सीटवर मांडीवर असते. आजोबांच्या स्कूटरवर ते पुढे उभे असते. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बालआसन नसेल, तर एक हजार रुपये दंड सांगितला आहे. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला शिरस्त्राण व अंगाला बांधण्याचा पट्टा हवा आणि वेग ताशी चाळीसच्या आत हवा. हे नियम पोलिसांच्या दंडपुस्तकापेक्षा लसीकरणाच्या कार्डावर अधिक शोभतील. आपण प्रत्येकाने, मग आपण बालरोगतज्ज्ञ असा, स्त्रीरोगतज्ज्ञ असा की जनरल प्रॅक्टिशनर, टोचणीसाठी आलेल्या आईला इतकेच विचारावे, "बाळाला कशातून आणलंत, आणि कुठं बसवलं होतं?" मोठ्यांचा पट्टा तान्ह्याला पुरत नाही, त्याच्या वजन-उंचीला साजेसे आसन लागते, ते मागच्या सीटवर हवे, हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. प्रसूतिगृहातून बाळ घरी निघते, तेव्हा पहिली दुलई आपण देतो. पहिल्या प्रवासाचा सल्लाही आपणच द्यावा.

माझी कन्या आज स्वतः डॉक्टर आहे, पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. कपाळावरचा व्रण केसांखाली झाकला जातो. परवा सुट्टीत आली तेव्हा उद्यमबागेत गाडी पाहायला आली. पुढच्या सीटवर बसली, पट्टा ओढून खटका लावला, सोडला, पुन्हा लावला. म्हणाली, "बाबा, आता अण्णांनी किल्ली दिली असती."

आगामी संमेलनाच्या दिवशी ही गाडी मी सभागृहापाशी आणणार आहे. ज्या मुलांना फेरी मारायची असेल त्यांनी जरूर यावे. मुले मागे, पट्टा बांधून बसतील. अगदी लहानांसाठी बालआसनही ठेवले आहे. पुढची जागा मी माझ्या शल्यचिकित्सक मित्रासाठी राखून ठेवली आहे. त्याने यावे, रेषा न्याहाळावी, इंजिनाचा आवाज ऐकावा, माझ्याशी मनसोक्त भांडावे. फक्त बसताना पट्टा लावावा, एवढीच विनंती.